जुन्या एस्टीमला टर्बो : घाट चढायचाय, इंजिन फोडायचं नाही

एस्टीमवाला_पंधरा | 9 नोव्हेंबर, रात्री 10:50

नमस्कार मंडळी. घरी 2001 ची मारुती एस्टीम आहे, पेट्रोल, एमपीएफआय, 1298 सीसी, कागदावर 85 बीएचपी. बाबांनी 2006 मध्ये सेकंडहँड घेतली, आता माझ्याकडे आहे. दीड लाखावर किलोमीटर झालेत. रोज नाशिकात इंदिरानगर ते अंबड एमआयडीसी, बाकी तक्रार नाही.

तक्रार एकच. आईला वर्षातून दोनदा तरी वणीच्या गडावर, सप्तशृंगीला न्यायचं असतं. दिंडोरी, वणी मजेत जातं. नांदुरीपासून घाट लागला की चार माणसं आणि एसी घेऊन गाडी दुसऱ्यातही रडायला लागते. मग आईच मागून म्हणते, "बंद कर रे तो एसी, तिला धाप लागली."

गाडी विकायची नाही, हे आधीच सांगतो. एका मित्राकडे अपघातात गेलेल्या स्विफ्ट डिझेलचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) पडून आहे, फुकटात देतोय. तो लावून थोडासा, म्हणजे 0.4 बार बूस्ट (हवेचा जादा दाब) द्यायचा विचार आहे. रेस करायची नाही. मला हवंय ते एवढंच : सकाळी चावी फिरवली की चालू झाली पाहिजे, आजच्यासारखी. कुणी केलंय का?

सिडकोचा_पम्या | 9 नोव्हेंबर, रात्री 11:05

बलेनोचं 1.6 इंजिन टाक, 94 बीएचपी, विषय संपला.

एस्टीमवाला_पंधरा | 9 नोव्हेंबर, रात्री 11:12

पम्या, चांगलं इंजिन दाखव, मी उद्या येतो. मिळतात ती सगळी माझ्या इंजिनापेक्षा जास्त दमलेली.

नोझलकाका | 10 नोव्हेंबर, सकाळी 6:20

तुमचा शेवटचा परिच्छेद आवडला म्हणून लिहितोय. माझं आयुष्य मायको कंपनीत गेलं, डिझेलच्या नोझलची छिद्रं मोजण्यात. पेट्रोल हा माझा प्रांत नव्हे, पण हवा आणि उष्णता दोन्हीकडे सारखीच.

थोडं गणित करू. 0.4 बार म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण 1.4 पट दाब. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं टोक तापतं तशी. आपल्याकडे एप्रिलात बॉनेटच्या पुढे 35 अंशांची हवा धरा. लहान कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 65 टक्के धरली तर ती हवा 83 अंशांच्या आसपास होऊन बाहेर पडते. इंटरकूलर (ही हवा थंड करणारी जाळी) न लावता ती सिलिंडरमध्ये गेली की कोपऱ्यातलं पेट्रोल ठिणगीने लागलेल्या ज्वालेची वाट बघत नाही, ती पोचायच्या आधीच आपोआप पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. खडखड ऐकू येते तेव्हा पिस्टनच्या कडेला आधीच मार बसलेला असतो, आणि टर्बो गाडीत बूस्टच्या आवाजात ती खडखड बऱ्याचदा ऐकूही येत नाही.

तुमचं इंजिन बिनटर्बोचं म्हणून बनवलंय. त्याचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, टर्बो इंजिनासारखा खाली ठेवलेला नाही. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो पेट्रोल गाडी आली. रेशो 10.25 ठेवला आणि नॉकिंग टाळायला पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी दिली. मालक ती टाकी भरायला विसरायचे. शेवटी कंपनीने बऱ्याच गाड्यांचे टर्बो स्वतःच काढून दिले. तेव्हा मालकाच्या आठवणीवर चालेल अशी कुठलीही व्यवस्था करू नका.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणजे तुमचे 85 घोडे इथे 79 च्या घरात. गडावर जाताना अजून कमी. टर्बोला ही उणीव भरून काढता येते, म्हणून घाटासाठी टर्बो ही कल्पना चुकीची नाही.

घाटवाटा | 10 नोव्हेंबर, सकाळी 9:40

काका, डिझेलला बरं की. आमच्या जुन्या महिंद्रा मार्शलला टर्बो लावला, इंधन वाढवायला पंपाचा स्क्रू थोडा दिला, झालं. नॉकिंगची भानगडच नाही.

नोझलकाका | 10 नोव्हेंबर, सकाळी 10:15

स्क्रू देणं सोपं, पण मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, तापमानाचा काटा लावलाय का? डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता. धूर काळा दिसला की पिस्टन भाजायला ठेवलाय समजा. चढावर लांब दाबून चालवताना 700 अंशांच्या वर काटा राहू देऊ नका.

घाटवाटा | 10 नोव्हेंबर, सकाळी 10:18

काटा नाही. लावतो.

लेथवाली | 10 नोव्हेंबर, दुपारी 1:30

मी आणि माझा भाऊ अंबडला मशीन शॉप चालवतो. मॅनिफोल्ड, फ्लँज असली कामं आमच्याकडे येतात, त्यामुळे फुटलेले प्रयोगही बघायला मिळतात.

तो फुकटचा टर्बो आधी बाजूला ठेवा. त्या स्विफ्टचं 1.3 डिझेल जास्तीत जास्त पाच हजार आरपीएमला फिरतं, तुमचं पेट्रोल सहा हजारांच्या वर जातं. वरच्या आरपीएमला तो बारका टर्बाइन एक्झॉस्टचा गळा दाबतो. गरम वायू मागे साचतो आणि तो परत नॉकिंगला आमंत्रण. दुसरं म्हणजे डिझेलचा एक्झॉस्ट अगदी जास्तीत जास्त 750-800 अंशांचा, पेट्रोलचा पूर्ण जोरात 900 च्या वर. डिझेलसाठी ओतलेलं टर्बाइनचं घर त्या तापमानासाठी नसतं. काही दिवस चालतं, मग वेस्टगेटपाशी (बूस्ट आवरायला जादा वायू बाजूने सोडणारी झडप) तडे जातात. लोक लावतात, मला माहीत आहे. तुम्ही "सकाळी चालू झाली पाहिजे" म्हणालात म्हणून सांगतेय.

जपानी 660 सीसी पेट्रोल गाड्यांवरचे आयएचआयचे लहान टर्बो मिळतात. तुमच्या इंजिनाला तेही जरा लहानच, पण घाटासाठी खालच्या आरपीएमलाच जोर हवाय, तर चालेल. फक्त अस्सल आणि पाण्याने थंड होणारा घ्या. ऑनलाइन नकला दिसायला हुबेहूब असतात.

आणि हे सगळं नंतर. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. दीड लाख चाललेल्या इंजिनाच्या पोटात काय आहे ते न बघता टर्बोचे फोटो टाकू नका, मी उत्तर देणार नाही.

पेठरोडचा_वकील | 10 नोव्हेंबर, संध्याकाळी 7:05

रंगात भंग करतो, क्षमस्व. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वाहन वेगळं होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182अ(4) आलं : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आरसीवर सीसी तेवढेच आहेत ना" हा बचाव चालत नाही. बलेनोचं इंजिन टाकायलाही आरटीओची परवानगी लागते, पम्या.

शिवाय 2001 ची गाडी म्हणजे 2016 ला पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमची पुढची पाळी 2026. गाडी पेठ रोडला आरटीओत तपासणीला उभी राहणार आणि बॉनेट उघडणार. विमा कंपनीलाही लेखी कळवा, न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

एस्टीमवाला_पंधरा | 10 नोव्हेंबर, रात्री 9:30

वकीलसाहेब, आभार. मूळ मॅनिफोल्ड, मूळ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग काहीही कापणार नाही, सगळं परत बसेल असंच करीन. आरटीओत लेखी विचारतो.

पेठरोडचा_वकील | 10 नोव्हेंबर, रात्री 9:41

परत बसतं म्हणजे कायद्यात बसतं असं नाही. आणि विचारायचं ते आधी, बसवल्यावर नाही.

एस्टीमवाला_पंधरा | 23 नोव्हेंबर, रात्री 8:15

कॉम्प्रेशन टेस्ट झाली. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग काढून. पहिला 178, दुसरा 180, तिसरा 148, चौथा 176 पीएसआय.

लेथवाली | 23 नोव्हेंबर, रात्री 8:40

तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

एस्टीमवाला_पंधरा | 30 नोव्हेंबर, दुपारी 4:00

150. म्हणजे वाढलंच नाही. मग तुमच्या भावाने सांगितलं तसं तिसरा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा दिली. सायलेन्सरच्या टोकाशी कान लावला तर स्वच्छ फुसफुस. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

हेड उघडलं. तिसऱ्याची एक्झॉस्ट सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी) खाल्लेली, व्हॉल्व्हच्या कडेवर नखाएवढा भाजका डाग. बाबांना विचारलं तर म्हणाले, पहिल्या मालकाने गॅसवर चालवली होती, "तेव्हाच डिकीत टाकीचे नट होते, मला काय माहीत." वीस वर्षं मी त्या चार नटांवर स्टेपनी ठेवतोय.

नोझलकाका | 30 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:10

तुमची धाप तिथेच होती. एक सिलिंडर आजारी असताना घाट कसा चढणार? सीट बदला, चारही सिलिंडरच्या घ्या, व्हॉल्व्हचे गाइड बघा. मग टर्बोशिवाय एकदा गडावर जाऊन या. कदाचित धागा इथेच संपेल.

एस्टीमवाला_पंधरा | 28 डिसेंबर, रात्री 10:05

हेड झालं. नवे बोल्ट, नवी गॅस्केट, रेडिएटर बाहेर काढून साफ, थर्मोस्टॅट नवा. काकांचं ऐकून गडावर गेलो. फरक आहे, मोठा आहे. दुसऱ्यात एसी लावून चढली, रडली नाही. पण तिसरा टाकला की मेली.

धागा संपला नाही काका, माफ करा. टर्बो घेतलाय. वकीलसाहेब, आरटीओत अर्जही दिलाय, उत्तर नाही.

पेठरोडचा_वकील | 28 डिसेंबर, रात्री 10:30

उत्तर नाही म्हणजे होकार नाही. एवढं बोलून मी वाचक म्हणून बसतो.

लेथवाली | 29 डिसेंबर, दुपारी 2:20

आता इंधनाचं बोला. काय करताय?

एस्टीमवाला_पंधरा | 29 डिसेंबर, रात्री 9:00

मूळ ईसीयूला बूस्ट म्हणजे काय ते कळतच नाही. म्हणून स्पीडुइनो, म्हणजे स्वतः प्रोग्रॅम करायचा ईसीयू, लावतोय. दिवसभर कारखान्यात मशीनच्या कंट्रोलरशीच (पीएलसी) भांडतो, तर हेही जमेल. हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर 2.5 बारचा.

इंजेक्टरचा हिशेब असा केला. 85 गुणिले 1.4 म्हणजे कागदावर 119, नुकसान वजा करून 115 धरले. एका घोड्याला ताशी साधारण 0.27 किलो पेट्रोल, म्हणजे 31 किलो. चारात वाटून, इंजेक्टर 80 टक्क्यांवर चालवायचा म्हटलं तर 220-225 सीसी प्रति मिनिट. त्यावर ई20 साठी (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) थोडं वाढवून 240 चे घेतले. इथेनॉलला जास्त इंधन लागतं हे विसरून गणित केलं असतं तर बूस्टमध्ये इंधन कमी पडून गाडी कोरडी पळाली असती. ई20 ने ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग सोसायची ताकद) सुधारतं तेवढाच फायदा. टाकीपासूनच्या जुन्या रबरी नळ्या मात्र सगळ्या बदलल्या, दोन तर बोटाने दाबल्यावर चिरल्या.

हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावलाय. बूस्टमध्ये लॅम्डा 0.80 च्या आसपास ठेवणार (1 च्या खाली म्हणजे इंधन जास्त). इग्निशन बूस्टच्या दर पीएसआयला एक डिग्री मागे, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा, ही सुरुवात. प्लग एक नंबर थंड, गॅप 0.7. बूस्ट 0.55 च्या वर गेला तर इंधन बंद.

सिडकोचा_पम्या | 29 डिसेंबर, रात्री 9:20

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

एस्टीमवाला_पंधरा | 29 डिसेंबर, रात्री 9:22

कोंबडीही चार आण्याची नव्हती रे.

एस्टीमवाला_पंधरा | 8 फेब्रुवारी, रात्री 11:30

वाईट बातमी. गाडी चालू झाली, सुरेख चालली, आणि तिसऱ्या दिवशी मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभा असताना मागे निळा ढग. मागचा रिक्षावाला उतरून बघायला आला. ॲक्सिलरेटर दिला की धूर जातो, उभी राहिली की पुन्हा. ज्याच्याकडे फिटिंग केलं तो म्हणतो टर्बोचं सील गेलं, दुसरा घ्या. दोनशे किलोमीटरही झाले नाहीत.

लेथवाली | 9 फेब्रुवारी, सकाळी 8:10

टर्बो घेऊ नका. ऑइल परत जायच्या नळीचा फोटो टाका. खालून, पूर्ण दिसेल असा.

एस्टीमवाला_पंधरा | 9 फेब्रुवारी, रात्री 8:45

टाकलाय. आठ मिलिमीटरची होज आहे. एसी कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटला चुकवायला ती थोडी वर उचलून मग संपकडे (इंजिनाच्या तळाची ऑइलची परात) नेलीय.

लेथवाली | 9 फेब्रुवारी, रात्री 9:15

हेच ते. टर्बोत ऑइल दाबाने जातं, पण बाहेर येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. बेअरिंगमधून येताना त्यात हवा मिसळून फेस झालेला असतो. आठच्या नळीतून फेस उतरत नाही, आणि उतरला तरी तुमच्या त्या उंटाच्या पाठीवर चढणार कसा? मग ऑइल टर्बोच्या पोटात साठतं आणि सीलमधून एक्झॉस्टला जातं. ते सील म्हणजे बारीक लोखंडी रिंग असते, पाण्याच्या नळासारखा रबरी वायसर नव्हे. साठलेलं ऑइल ती अडवू शकत नाही, कुठल्याच नव्या टर्बोची अडवणार नाही.

आतून 16 मिलिमीटरची नळी, सरळ खाली उतरती, कुठेही पोट नाही, आणि संपमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली. संप घेऊन या, फिटिंग वेल्ड करून देते. ब्रॅकेट कापायचं तर ब्रॅकेट कापा, नळी वाकवायची नाही.

आणि ब्रीदर बघा. इंजिनाच्या पोटातला, म्हणजे क्रँककेसमधला, वायू बाहेर नेणाऱ्या नळीला (पीसीव्ही) एकमार्गी व्हॉल्व्ह आहे का? नसेल तर बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये जातो, तिथला दाब वाढला की हीच नळी खालून अडते.

एस्टीमवाला_पंधरा | 15 फेब्रुवारी, संध्याकाळी 6:40

एकमार्गी व्हॉल्व्ह नव्हता. तोही लावला. नवीन नळी लावण्याआधी ताईंच्या भावाने गंमत दाखवली : जुनी नळी उभी धरून वरून वापरलेलं ऑइल ओतलं, तर उंचवट्यापाशी तळहाताएवढं साठून राहिलं, हलवलं तरी खाली जाईना. नव्यातून भळकन गेलं.

टर्बो तोच आहे. धूर गेला. पहिले काही किलोमीटर सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळून थोडा आला, मग काहीच नाही. फिटरला सांगितलं तर म्हणाला, "सीलच होतं, आपोआप बसलं असेल."

घाटवाटा | 15 फेब्रुवारी, संध्याकाळी 7:00

आपोआप 😂

काका, तापमानाचा काटा लावला. कसाऱ्यात 760 दाखवला. स्क्रू मागे घेतला.

नोझलकाका | 16 फेब्रुवारी, सकाळी 6:10

शाबास.

एस्टीमवाला_पंधरा | 22 मार्च, रात्री 10:20

उन्हाळ्याचा पहिला धडा. इंटरकूलर पुढे लावला तो एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढची एसीची जाळी) बरोबर समोर. पळताना छान. परवा द्वारका चौकात अर्धा तास अडकलो, द्राक्षांच्या दोन टेम्पोंच्या मध्ये, आणि पाण्याचा काटा चढायला लागला. एसी बंद करून, इंजिनाची उष्णता बाहेर काढायला हीटर लावून बसलो, मार्चमध्ये, काचा खाली करून. शेजारच्या टेम्पोवाल्याने विचारलंच, "साहेब, थंडी वाजते का?"

आता इंटरकूलर खाली बंपरच्या तोंडाशी नेलाय, अर्धाच भाग कंडेन्सरवर येतो. पंखा मोठा बसवला, कडेच्या फटी पत्र्याने बंद केल्या, नाहीतर हवा रेडिएटरला बगल देऊन निघून जाते. टर्बोभोवती पत्र्याचं कवच. त्याच्या शेजारून जाणारी ब्रेकची नळी बघून मला स्वतःचीच भीती वाटली होती, ती सरकवली.

अजून एक : वरच्या आरपीएमला बूस्ट 0.4 वर थांबत नव्हता, 0.6 कडे सरकायचा. इंधन दोनदा कापलं गेलं, म्हणजे ते संरक्षण खरंच चालतं हे कळलं. टर्बो उतरवून ताईंकडे वेस्टगेटचं भोक मोठं करून घेतलं. आता 0.42.

नोझलकाका | 23 मार्च, सकाळी 6:30

घाट चढून वर पोचलात की गाडी लगेच बंद करू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेत असतो, तापलेल्या बेअरिंगमध्ये थांबलेलं ऑइल करपून कोळसा होतं. पार्किंग शोधताना जो मिनिट-दोन मिनिटांचा वेळ जातो तेवढा पुरे. गडावर तर पार्किंग शोधण्यातच पुरेसा वेळ जातो.

एस्टीमवाला_पंधरा | 17 मे, रात्री 9:50

टर्बो लावून साडेसहा हजार किलोमीटर झाले. सिंथेटिक 5डब्ल्यू-40 दर पाच हजारांना बदलायचं ठरवलंय. पहिल्या बदलात जुना फिल्टर करवतीने कापून कागद पसरून उन्हात धरला, धातूची चमक नाही. कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं : 182, 181, 179, 180. क्लच एकदा घसरला, बदलला, तोही खर्च धरा. सगळ्या खर्चात टर्बोचा वाटा पाव भागही नाही. सगळ्यात जास्त गेले ते हेडला.

आरटीओचं उत्तर अजून नाही. ऑक्टोबरच्या आत आलं नाही तर मूळ मॅनिफोल्ड आणि ईसीयू बसवून तपासणीला नेणार, ते माळ्यावर गोणीत आहेत.

पेठरोडचा_वकील | 17 मे, रात्री 10:02

हे वाक्य मी वाचलं नाही असं समजतो.

लेथवाली | 18 मे, दुपारी 1:15

मुद्द्याचं राहिलं. आईंना घेऊन गेलात का गडावर?

एस्टीमवाला_पंधरा | 18 मे, रात्री 8:30

गेलो, परवाच. चार माणसं, डिकीत नारळाचं पोतं. नांदुरी सोडल्यावर आईने सवयीने एसीच्या बटणाकडे हात नेला. म्हटलं राहू दे.

सिडकोचा_पम्या | 18 मे, रात्री 8:33

कितव्यात चढली?

एस्टीमवाला_पंधरा | 18 मे, रात्री 8:34

तिसऱ्यात. वळणं सोडून.